माझ्या हाताचं लाकूड

भादुरीसाहेबांनी मला गोल्फ येतो का म्हणून विचारलं, त्या दिवशी मी त्यांना आधीच दोनदा 'नाही' म्हणून बसलो होतो. सकाळी त्यांनी रशियन वाचता येतं का विचारलं, तर नाही. दुपारी टायपिंग येतं का, तर नाही. एकाच दिवशी वरिष्ठांना तीनदा नाही म्हणणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं हे नियमांच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. शिवाय शेजारच्या टेबलावर कृष्णस्वामी बसला होता. त्याला रशियन येत होतं आणि टायपिंगही. मी म्हणालो, "थोडा थोडा आता है, सर."

"आएगा ही," साहेब म्हणाले. "तुम्हारा नाम तितिरमारे. तीतर मारने वाला खानदान. आँख तो सीधा होगा."

आमच्या खानदानात कोणी तितर मारल्याचं मी ऐकलेलं नाही. आजोबा तर धानावर बसलेली पाखरंसुद्धा 'जा रे बाबा' म्हणून हाकलायचे. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

हे एकसष्ट सालचं. भिलाईची भट्टी पेटून दोनेक वर्षं झाली होती, कारखान्याच्या वाढीची कामं निघाली होती आणि मी ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढत होतो. साहेबलोकांनी बाहेरच्या मुरमाड माळावर नऊ भोकांचं मैदान आखून घेतलं होतं. गवत नावापुरतं, बाकी लाल मुरूम. तिथे दरवर्षी खात्याखात्यांत सामना व्हायचा. प्रत्येक खात्याचा एक अधिकारी, एक कर्मचारी. दोघांत मिळून एकच चेंडू, आणि तो आळीपाळीनं मारायचा. भादुरीसाहेबांच्या नेहमीच्या जोडीदाराला गालफुगी झाली होती.

"बाकी मैं सँभालेगा," साहेब म्हणाले. "सातवाँ होल में नाला है. पहला शॉट मेरा, दूसरा तुम्हारा. नाला पार करना है. कल तक अपना फेअरवे वुड चुन लो. मैच को पंद्रह दिन है."

फेअरवे म्हणजे काय ते मला समजलं नाही. पण वुड म्हणजे लाकूड हे समजलं. म्हणजे निम्मा गोल्फ येतच होता.

लाकडाचा विषय निघाला की सेक्टर दोनमध्ये जायचं एकच घर, आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं जानराव मेश्रामांचं. जानरावभाऊ पॅटर्न शॉपमध्ये होते. ज्या आकाराचा लोखंडी भाग ओतायचा, तो आधी हुबेहूब लाकडात कोरून द्यायचा हे त्यांचं काम. वस्तीतल्या बुद्धविहाराचं दार त्यांनी स्वतः केलं होतं, आणि त्या दारात उभं राहून माणसं आधी दाराला हात लावायची, मग आत जायची.

"भाऊ, साहेबानं लाकूड निवडाले सांगतलं," मी म्हणालो.

"कायच्यासाठी?"

"गोल्फसाठी."

"ते काय, पलंग हाय का?"

"नाही हो, खेळ आहे. दांड्यानं चेंडू मारायचा."

जानरावभाऊ विचारात पडले. तोवर पलीकडच्या क्वार्टरातल्या बेबीताई कुंपणापाशी आल्या. त्यांना विचारायची गरज नसते. "कडुनिंबाचं घ्या भाऊ," त्या म्हणाल्या, "कीड लागत नाही." घरातून माझी बायको कांता म्हणाली, "दिवे लागायच्या वेळेले लाकडाचं नाव काढून राहिले, काही समजते का तुमाले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या टेबलावर चार तुकडे ओळीनं मांडले. सागवान, शिसम, बीजा आणि बेबीताईंचा मान म्हणून कडुनिंब. प्रत्येकावर मी माझ्या सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं होतं. साहेबांनी ते वाचले. कृष्णस्वामी पाण्याचा पेला घेऊन मुद्दाम त्याच वेळी मागून गेला.

"ये किसलिए?" साहेबांनी विचारलं. "चूल्हा जलाने के लिए?"

त्या क्षणी माझ्या चेहऱ्याचा रंग कसा झाला ते मला दिसलं नाही, पण कृष्णस्वामीच्या पेल्यातलं पाणी सांडलं. साहेब मात्र चांगला माणूस. त्यांनी कपाटातून स्वतःची पिशवी काढली आणि समजावून सांगितलं. मैदानाच्या लांब पट्ट्याला फेअरवे म्हणतात. तिथे पडलेला चेंडू लांब मारायचा तर ज्याचं डोकं लाकडी असतं तो दांडा वापरायचा. त्यालाच वुड म्हणायचं. त्यांच्याकडे दोन नंबर, तीन नंबर आणि चार नंबर असे तीन होते.

"नंबर बढ़ेगा तो इसका मुँह ज़्यादा आसमान देखेगा," ते म्हणाले. "बॉल ऊपर जाएगा, दूर कम. और डंडा भी छोटा. जो तुम्हारा हाथ को जमे, वो लो."

इथे मी हातात घेऊन पाहायला हवं होतं. पण आपल्याकडे वस्तू हातात घेऊन निवडायची पद्धत नाही, चार माणसांना विचारून निवडायची आहे. जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं. कृष्णस्वामीचं मत ठाम होतं. "देखो, ग्रेड का माफिक है. नंबर जितना छोटा, आदमी उतना बड़ा. चार नंबर लेडीज़ लोग लेता है." हे मला पटलं. क्वार्टरापासून बढतीपर्यंत सगळ्या गोष्टी नंबरावर चालणाऱ्या गावात लाकूड तेवढं कसं वेगळं असेल?

मी दोन नंबर मागितलं. साहेब जरा थांबले. ते त्यांच्या सासऱ्यांनी कलकत्त्याहून घेऊन दिलेलं होतं. डोकं तपकिरी, तुपासारखं गुळगुळीत, अमेरिकेतल्या कुठल्याशा पर्सिमन झाडाचं. "सँभाल के," एवढंच म्हणून त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

आता सराव. मैदानावर सराव करायचा तर क्लबाचं तात्पुरतं सभासदत्व पाहिजे. क्लबाचे कारकून भय्याजी. त्यांनी दोन पानी फॉर्म दिला. नाव, खातं, क्वार्टर नंबर इथवर ठीक होतं. मग रकाना आला, 'हँडिकॅप'. म्हणजे शारीरिक व्यंग. माझ्यासारख्या धडधाकट माणसाच्या मनाला हा प्रश्न लागला, पण सरकारी कामात राग धरू नये. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'चष्मा'.

भय्याजींनी ते दोनदा वाचलं. त्या रकान्याचा अर्थ, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत, त्यांनाही ठाऊक नसावा. "कितने नंबर का?" त्यांनी विचारलं.

"मायनस दोन."

"तब तो डॉक्टर का सर्टिफिकेट लगेगा."

तीन तास रांगेत उभं राहून मी सर्टिफिकेट आणलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं की या इसमास दिसते, चालता येते, आणि गोल्फमुळे त्याचे काही बिघडेल असे वाटत नाही. ते भय्याजींनी फाइलला लावलं आणि म्हणाले, "हो गया. लेकिन मैच वाले महीने में नए मेंबर को मैदान बंद रहता है. अगले महीने आइए."

मी क्वार्टरामागे सराव सुरू केला.

दोन नंबरबद्दल एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. भादुरीसाहेब सहा फूट उंच, मी पाच फूट दोन इंच. दांडा जमिनीला टेकवला की त्याची मूठ माझ्या छातीशी यायची. मी तो निम्म्यात धरायचो, मग वरचा निम्मा माझ्या बरगडीत घुसायचा. चेंडू मारला की एक तर तो जागेवरच गोल फिरायचा, नाही तर सापासारखा जमिनीवरून सरपटत जायचा. आठवडाभरात तो हवेत गेला फक्त एकदा, आणि गेला तो सरळ बेबीताईंच्या बाजेवर वाळत घातलेल्या सांडग्यांमध्ये. बेबीताई तो परत द्यायला आल्या.

"भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचा सांडगा कच्चा हाय."

अख्ख्या ओळीतल्या क्वार्टरांत हे वाक्य त्या संध्याकाळी पोचलं. मी ठरवलं, आता लोकांच्या नजरेसमोर नाही. दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर सायकल काढली आणि जुनवानीकडच्या मोकळ्या माळावर गेलो. तिथे बघायला फक्त गाई होत्या, आणि गाई सल्ला देत नाहीत. मी चेंडू ठेवला, पाय रोवले, आठ दिवसांचा सगळा अपमान दोन्ही हातांत गोळा केला आणि दांडा घातला.

चेंडूमागे मुरमात दगड होता. खट असा आवाज झाला. हात कोपरापर्यंत झिणझिणले. पाहिलं तर चेंडू जागेवर होता आणि लाकडी डोक्याचा अर्धा भाग दहा हात लांब पडला होता.

मी तिथेच खाली बसलो. कितीतरी वेळ बसलो असेन. साहेबांच्या सासऱ्यांनी प्रेमानं दिलेली वस्तू. साहेब रागावले असते तर सोसलं असतं, पण ते रागावणार नाहीत, नुसते 'अच्छा' म्हणतील, आणि त्या 'अच्छा'खाली उरलेली नोकरी काढणं मला जमलं नसतं. सामन्याला सात दिवस होते. आजारी पडता आलं असतं. गालफुगीची साथ होतीच. पण मग साहेबांच्या पिशवीत मोडकं लाकूड आणि माझ्या अंगात खोटा ताप, असं दुहेरी झालं असतं. मी दोन्ही तुकडे रुमालात बांधले आणि उठलो. लाकूड मोडलं होतं, तर लाकूडच उभं करायचं. नाला ओलांडायचा, आणि मग साहेबांना सांगायचं.

जानरावभाऊंनी रुमाल उघडला. तुटलेल्या कडेवरून नख फिरवलं, वास घेतला, हातात तोललं.

"हे आपलंच लाकूड हाय," ते म्हणाले.

"अमेरिकेचं आहे भाऊ."

"असन. पण हे टेंभुर्णीच्या खानदानातलं दिसते. वजन पाहा, दाणा पाहा. ज्याच्या पानाची बिडी वळते ना, त्याचा हा भाऊबंद."

टेंभुर्णी, म्हणजे इथल्या लोकांचा तेंदू. अमेरिकेहून आलेलं जे लाकूड मी उराशी धरून हिंडत होतो, त्याचे चुलते-मामे आमच्या जंगलात रानोमाळ उभे होते. पण ओलं लाकूड चालणार नव्हतं. जानरावभाऊंनी सांगितलं, त्यांच्या सासऱ्याच्या जुन्या बैलगाडीची दांडी टेंभुर्णीची होती, गाडी मोडून दहा-बारा वर्षं कोठ्यात पडली होती, वाळून शिंग झाली होती. त्यांचा साळा कवडू रेल्वेत, राहायला चरोद्याला. त्याच्याकडे निरोप गेला. तिसऱ्या दिवशी कवडू गावाहून दीड फुटाचा ओंडका घेऊन चरोद्याला परतला, आणि मी तो आणायला सायकलनं तिकडे गेलो.

येताना नाक्यावर वनखात्याच्या शिपायानं अडवलं. "ए लकड़ी ला कहाँ लेगत हस?"

"घर."

"तेंदू हे. पास कहाँ हे?"

दीड फुटाच्या लाकडाला पास लागतो हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, जुन्या गाडीचं आहे, गोल्फसाठी नेतोय.

"गोल्फ," त्यानं वही उघडली. "कोन तहसील?"

मी त्याला खेळ समजावून सांगितला. चेंडू, दांडा, भोक, नाला. तो नीट ऐकत होता. मग त्यानं विचारलं की चेंडू शेवटी भोकातच घालायचा, तर चालत जाऊन हातानंच का नाही घालत? हे साहेबांना विचारायचं मी ठरवलं, आजवर विचारलेलं नाही. माझी दया येऊन असेल, त्यानं ओंडक्याला असलेलं गाडीच्या खिळ्याचं जुनं भोक पाहिलं, 'गाड़ी के टुकड़ा' असं लिहून घेतलं आणि सोडलं.

अंगणात जानरावभाऊ कोरायला बसले. नमुना म्हणून मोडक्या डोक्याचे दोन तुकडे जोडून समोर ठेवले. दांडा खालून वाकला होता, तेवढा कापावा लागला. मी म्हणालो, "भाऊ, हुबेहूब दोन नंबर झालं पाहिजे. साहेबाले फरक दिसू नये."

कांता ओट्यावर तांदूळ निवडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "दोन नंबर कावून पायजे?"

"तुला त्यातलं समजत नाही."

"मले दांड्यातलं समजत नाही. तुमच्यातलं समजते. आठ दिवसापासून पाहून राहिली. त्या लांब दांड्यानं मारायचं म्हणजे विळ्यानं गवत कापल्यासारखं आडवं फिरवा लागते. साहेब तसे फिरवत असतीन, उंच माणूस. तुमी फिरवत नाही. तुमी कुऱ्हाडीनं लाकूड फोडल्यासारखं वरून घालता. लहानपणापासून तेच केलं, आता चाळिशीत हात बदलते का?"

मी जानरावभाऊंकडे पाहिलं. त्यांनी पटाशी खाली ठेवली होती. "फिरवून दाखवा," ते म्हणाले.

मी रिकाम्या हातांनी फिरवून दाखवलं. "अजून." पुन्हा. "अजून एकदा." पाचव्यांदा त्यांनी माझं मनगट मध्येच धरलं, जमिनीपर्यंत सुतळी सोडली आणि खडूनं खूण केली.

"वहिनी बराबर म्हणते. वरून पडणाऱ्या हाताले तोंड वर पाहणारं लाकूड पायजे. नाई त चेंडू जमिनीत गाडून टाकसान तुमी. अन् दांडा आखूड."

"म्हणजे चार नंबर," मी म्हणालो. "ते बायकांचं असतं, भाऊ. ऑफिसात काय म्हणतील?"

"नाला कोनाले ओलांडायचा हाय?" त्यांनी विचारलं. "तुमाले का ऑफिसाले?"

सूप पुन्हा चालू झालं.

दोन दिवसांत ते तयार झालं. डोकं बसकं, करडं, मधोमध काळ्या गाभ्याची एक रेघ. मानेला मेणाचा दोरा गुंडाळलेला. दिसायला ते गोल्फचं कमी आणि वरवंट्याचं जास्त वाटत होतं. शनिवारी मी ते घेऊन जुनवानीच्या माळावर गेलो. पहिला चेंडू उडाला. मी दिशा पाहायला विसरलो, कारण चेंडू वर जाईल आणि तिकडे पाहावं लागेल याची सवयच नव्हती. आजवरचे सगळे मी खाली पाहूनच शोधले होते. मग एक उडाला. मग दोन लागोपाठ उडाले. अंधार पडेपर्यंत मी मारत राहिलो. तळहाताला फोड आले, पण सायकलचं हँडल धरताना ते दुखले नाहीत.

रविवारी, सामन्याच्या सकाळी, कांतानं जुन्या खणाची टोपी शिवून त्या लाकडी डोक्यावर चढवली, म्हणजे साहेबांना ते दिसणार नाही. जानरावभाऊ, बेबीताई आणि कांता तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहिले, कारण सभासदांशिवाय आत कोणाला प्रवेश नव्हता. सभासद मी होतो, त्यामुळे दोन बोटं वर करून मी त्यांना ओळख दाखवली.

पहिल्या सहा होलना साहेबांनी मला लोखंडी दांडे दिले आणि मी चेंडू कसाबसा पुढे ढकलत नेला. साहेब दर वेळी "ठीक है" म्हणत होते, पण प्रत्येक 'ठीक है' आधीच्यापेक्षा आखूड होत होतं. सातव्याला त्यांनी सुरेख फटका मारला. चेंडू नाल्याच्या अलीकडे पट्ट्याच्या मधोमध जाऊन बसला. पलीकडे हिरवळ, मध्ये पंधरा हात रुंद, दगडांनी भरलेला नाला. आमच्याआधीच्या चार जोड्यांचे चेंडू त्यात होते. कृष्णस्वामी मार्कर म्हणून, फटके मोजायला, वही घेऊन उभा होता.

"निकालो दो नंबर," साहेब म्हणाले.

मी टोपी काढली.

साहेबांनी लाकडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी सगळं एका दमात सांगितलं. दगड, तुकडे, बैलगाडी, नाका. "नाला पार करून सांगणार होतो, सर," मी म्हणालो, "पण आधी सांगावं लागलं. सॉरी."

साहेबांनी वाकून लाकडावरची काळी रेघ पाहिली. कृष्णस्वामी वहीत पाहत होता. "ये कौन सा नंबर है?" साहेबांनी विचारलं.

"चार, सर. माझ्या हाताला हेच लागतं."

"तो मारो."

मी साहेबांसारखं उभं राहायचा प्रयत्न केला नाही. लहानपणी अंगणात लाकडं फोडायला उभा राहायचो तसा उभा राहिलो, आणि वरून घातला. फटका असा बसला की हाताला काही लागलंच नाही. चेंडू उठला. नाल्यावरून जाताना तो इतका सावकाश वाटला, की मध्ये थांबून खाली बघतोय असं वाटलं. मग पलीकडच्या गवतावर पडला, एकदा उडाला आणि थांबला.

टाळ्या कुंपणाबाहेरून आल्या. बेबीताईंच्या सगळ्यांत मोठ्या.

सामना आम्ही जिंकलो नाही. सहा जोड्यांत चौथे आलो. सातव्या होलवरच हातभर अंतरावरून साहेबांचा चेंडू भोकाच्या कडेनं निघून गेला. आठव्याला त्यांनी तीन नंबर घेतलं आणि चेंडू बाभळीत घातला. नवव्याला पुन्हा बाभळीत. त्यांनी दांडा पिशवीत टाकला नाही, हातातच धरून ठेवला.

शेवटी सगळे चहाच्या टेबलाकडे निघाले. साहेब निघाले नाहीत. "ये लकड़ी किसने बनाया?" त्यांनी विचारलं.

"पॅटर्न शॉपचे जानराव मेश्राम, सर. ते तिथे उभे आहेत."

साहेब कुंपणाकडे चालू लागले. मी मागे. भय्याजी चहा सोडून धावत आले, त्यांना वाटलं कुंपणाबाहेरच्यांची तक्रार आहे. साहेबांनी तारेपाशी उभं राहून जानरावभाऊंना नमस्कार केला.

"मेश्राम, हमारा हाथ को कौन सा लगेगा?"

जानरावभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाले, "फिरवून दाखवा, साहेब."

साहेबांनी फिरवून दाखवलं. "अजून," जानरावभाऊ म्हणाले. साहेबांनी पुन्हा फिरवलं. चहाच्या टेबलावरची माणसं एकेक करून वळून बघायला लागली होती. तिसऱ्यांदा फिरवून झाल्यावर जानरावभाऊंनी कांताकडे पाहिलं. कांतानं मान हलवली.

"कित्येक वर्षांपासून तुमी चुकीचं लाकूड धरून राहिले, साहेब," जानरावभाऊ हळूच म्हणाले. "तीन नंबरचंही नाही अन् दोनचंही नाही. तुमचं वेगळं कोरावं लागन."

भय्याजींनी कुंपणाचं फाटक उघडलं आणि स्वतःच बाजूला झाले. जानरावभाऊ आत आले. त्यांनी खिशातून सुतळी काढली, आणि भादुरीसाहेब दोन्ही हात खाली सोडून, मान ताठ करून, मापासाठी सरळ उभे राहिले.